आत्याने निवडलेला आवाज

आमच्या घरात आवाजाची टंचाई कधीच नव्हती. पप्पा कसबा पेठेतल्या एका छापखान्यात मशीनवर होते. जयंतीच्या आधीचे आठवडे असोत, एखादा मोर्चा असो की कुठल्या वस्तीचं पाणी तोडल्याचा निषेध, पत्रकं घडी घालायला आमच्याच घरी यायची. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवर. ‘बंधू-भगिनींनो’ हा मी वाचलेला पहिला मोठा शब्द असावा. शाळेत गायीवरचा निबंधसुद्धा मी तसाच सुरू करायचे आणि बाई तो शब्द लाल शाईने खोडायच्या.

घड्या घालण्यात सगळ्यांत चपळ आत्या. ती पप्पांची धाकटी बहीण, जन्मापासून बहिरी, आणि आमच्यातच राहणारी. ती हातांनी बोलते. मीही तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागले, असं मम्मी सांगते. तेव्हा इथून पुढे आत्या ‘म्हणाली’ असं लिहीन तिथे ती हातांनी, भुवयांनी आणि खांद्यांनी म्हणाली असं समजा. मराठी माझी आहे, म्हणणं तिचं आहे.

बहिऱ्यांमध्ये प्रत्येकाला एक खूण मिळते आणि तीच खूण त्याचं नाव. पप्पांची खूण कागदाची घडी. माझी खूण आवळलेली मूठ. जन्मले तेव्हा माझी मूठ म्हणे उघडतच नव्हती. पुढे मोर्च्यांत ती कामाला आली.

मी शाळेत असताना आत्याला नारायण पेठेत एका फॉल-पिकोच्या दुकानात काम लागलं. साडीच्या खालच्या काठाला आतून पट्टी शिवायची, पदराच्या कडा मशीनवर बंद करायच्या, एवढाच त्या दुकानाचा उद्योग. दुकान म्हणजे खरं तर जिन्याखालची एक लांबट खोली. पुढे मालकीणबाईंची खुर्ची आणि काउंटर, मागे मशीन. मालकीणबाईंना सगळी पेठ काकू म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी आत्याचा नमुना उलटसुलट करून पाहिला आणि पप्पांना विचारलं, “आडनाव काय?”

पप्पांनी सांगितलं. जरा ठासूनच सांगितलं. काकूंनी नमुन्याची घडी घातली. मग म्हणाल्या, “माठ रोज सकाळी भरावा लागतो. जी आधी येईल तिने भरायचा.”

पप्पांनी घरी येऊन मम्मीला हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवलं. आत्या कुठलं पाणी पिणार हा प्रश्न ते मनात घेऊनच गेले होते आणि तो न विचारताच सुटला होता. मला मात्र आडनावाचा प्रश्न तेवढा लक्षात राहिला. पत्रकांवर वाढलेल्या पोरीला असलेच प्रश्न लक्षात राहतात.

आत्याने काकूंना जी खूण दिली ती मी आजवर पाहिलेली सगळ्यांत चोख खूण आहे. ओठांपुढे दोन बोटांची कात्री. काकू बोलणं कापायच्या.

“काकू, उद्या मिळेल ना हो? घरी कार्य आहे, पाहुणे यायचेत, आणि माझी नणंद...”

“परवा.”

“अहो, पण काकू...”

“तेरवा चालेल?”

बाई पिशवी उचलून निघून जायची आणि पुढच्या आठवड्यात दुसरी साडी घेऊन यायची. आत्या मशीनवरून मान वर करून हे बघत राहायची. पायाखालचं मशीन चालू आणि डोळे पुढे. कित्येक वर्षं तिने ते दुकान असं पाहिलं.

मग काकूंचे गुडघे गेले. मुलगा आयटीत, त्याने बाणेरला लिफ्टवाल्या इमारतीत घर घेतलं आणि आईला तिकडे चल म्हणून हट्ट धरला. जिन्याखालच्या जागेवर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाचा डोळा होता. आत्याला ते दुकान चालवायचं होतं. तिने मला दुभाषी म्हणून नेलं आणि काकूंना सरळ सांगितलं, “पुढच्या खुर्चीवर मी बसते.”

काकूंनी चष्मा काढून पुसला. “मशीन तिला येतं. माझ्यापेक्षा बरं येतं. पण गिऱ्हाइकाशी बोलणार कोण?”

“तुम्ही तरी कुठे बोलता?” मी म्हणाले.

“मी बोलत नाही. तिला बोलता येत नाही. गिऱ्हाइकाला यातला फरक कळतो.”

“तिला बोलता येतं. तुम्हाला कळत नाही, एवढंच.”

“मग मला कळेल असं काहीतरी कर,” काकू म्हणाल्या. “संक्रांतीपर्यंत थांबते. नाही जमलं तर किल्ल्या कव्हरवाल्याला.”

मी हे सगळं आत्याला हातांनी सांगितलं. तिने शेवटचं वाक्य मला पुन्हा सांगायला लावलं, मग मशीनवर जाऊन बसली.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण हिंजवडीत नोकरीला आहे. तिची कंपनी तेव्हा एक यंत्र तयार करत होती. साध्या टॅबवर चालणारं. बहिऱ्या माणसाने त्याच्या कॅमेऱ्यापुढे खुणा केल्या की टॅब मराठीत बोलतो, आणि समोरचा बोलला की पडद्यावरची एक बाहुली खुणा करून दाखवते. खुणा शिकवायला त्यांना बहिरी माणसं हवी होती. आत्या गेली. काळ्या पडद्यासमोर उभं राहून तिने दुकानातलं सगळं बोलणं खुणांनी नोंदवून दिलं. गाडी न्यायला येते, चहा जागेवर मिळतो आणि कोणी ‘मुकी’ म्हणून हाक मारत नाही, म्हणून ती खूश होती. बाहुलीबद्दल तिचं एकच म्हणणं होतं. “हिच्या भुवया कोणी उपटल्या?” मैत्रिणीने ते लिहून घेतलं आणि पुढच्या खेपेला बाहुलीला भुवया आल्या. त्या हलायच्यासुद्धा.

माझं मात्र तिथे पाऊल टाकताच भांडण झालं. स्वागतकक्षात मोठा फलक होता, ‘मुक्यांना वाचा’. मी मैत्रिणीला म्हणाले, “माझी आत्या मुकी नाही. तुम्हाला तिची भाषा येत नाही आणि त्याचा दोष तुम्ही तिच्या माथी मारता. वाचा काय तुम्ही देणार? तुम्ही फक्त तुमचे कान दुरुस्त करताय.”

मैत्रीण शांतपणे ऐकत होती. “झालं? आता हेच मेल कर ना. मार्केटिंगला फॉरवर्ड करते.”

मी मेल केला. फलक उतरला. माझ्या आयुष्यात एवढ्या लवकर यशस्वी झालेलं दुसरं पत्रक नाही.

दिवाळीनंतर टॅब दुकानात आला. काउंटरवर छोट्या स्टँडवर ठेवला. आत्या पुढच्या खुर्चीत आणि काकू तिच्या शेजारी, परीक्षेला पर्यवेक्षक बसतात तशा. पहिलं गिऱ्हाईक एक निवृत्त गृहस्थ होते, बायकोची साडी घेऊन आलेले. आत्याने खुणेने ‘या’ म्हटलं. टॅबमधून गोड, तरुण आवाज आला, “नमस्कार! आपलं स्वागत आहे. मी आपली काय मदत करू शकते?”

“नको!” गृहस्थ ओरडले. “कर्ज नको, कार्ड नको, काही नको!” आणि ते पायऱ्या उतरून गेलेसुद्धा. चार दुकानं पुढे गेल्यावर काखेतली साडी त्यांच्या लक्षात आली असावी. परत आले आणि काकूंकडे बघून म्हणाले, “अहो, साडी द्यायची होती.”

“द्या,” काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “या बाईंना आधी गप्प करा.”

आत्याला काय झालं ते मी सांगितलं. ती गृहस्थांसारखे हात झटकत पोट धरून हसली. पण हसून झाल्यावर तिने विचारलं, “हा आवाज माझा का? मला कोणी विचारलं?”

खरंच कोणी विचारलं नव्हतं. जिने कधी आवाज ऐकला नाही तिला काय विचारायचं, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मैत्रीण म्हणाली, आवाज बदलता येतो. तयार आवाज आहेत, किंवा कोणीही बाईने काही दुपारी बसून वाक्यं वाचली तर तिचाही बनवता येतो.

मग तो आवाज माझाच असणार हे मी मनाशी ठरवून टाकलं. आत्याचं मी जन्मभर बोलत आले आहे. तिच्यासाठी बँकेत बोलले, दवाखान्यात बोलले, रिक्षावाल्यांशी तर केवढं बोलले.

“आधी बघू,” आत्या म्हणाली.

बघू म्हणजे अक्षरशः बघू. रविवारी ती मला घेऊन बुधवार पेठेत गेली, जिथे वायरी, चार्जर आणि स्पीकरची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. टॅबमध्ये सगळे आवाज भरून घेतले होते, मी वाक्यं वाचून बनवलेला माझाही. मला लांब उभं केलं आणि मधे पडायचं नाही अशी ताकीद दिली. ती दुकानापुढे जायची, खुणेने चार्जर मागायची, दर दुकानात वेगळ्या आवाजात, आणि विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची. गोड आवाज ऐकून एक पोरगा गालात हसला आणि सोबतच्याला कोपर मारलं. आत्याने तो आवाज बाद केला. बातम्यांसारखा एक भारदस्त आवाज होता, तो ऐकून दुकानदार आवाज कुठून येतो हे शोधत वर छताकडे बघायला लागला. तोही बाद. मग माझी पाळी. दुकानदार बिचारा दोन्ही हात वर करून म्हणाला, “अहो मॅडम, देतोय ना! भांडता कशाला?”

आत्या परत आली ती खांदे उडवतच. “तुझा आवाज दिसला की माणसं खांदे वर घेतात.”

“मी फक्त ‘चार्जर द्या’ म्हटलंय त्यात.”

“मला काय माहीत तू काय म्हटलंस. मी खांदे पाहिले.”

घरी जाताना तिने ओठांपुढे दोन बोटांची कात्री धरली. मला वाटलं काकूंबद्दल काही सांगते आहे. तिने पुन्हा तीच खूण केली आणि टॅबवर बोट ठेवलं. तिला काकूंचा आवाज हवा होता.

त्या संध्याकाळी मी घर डोक्यावर घेतलं. मी म्हणाले, आपल्या आज्या-पणज्यांना या पेठांतून खाली मान घालून जावं लागलं. आपण आपला आवाज कमावला, लोकांनी त्यासाठी मार खाल्ला. आणि आता आपल्या बाईने बोलायचं ते त्यांच्या आवाजात? जिने पहिल्या दिवशी आडनाव विचारलं तिच्या? पप्पा माझ्या बाजूने उठतील अशी माझी खात्री होती. ते पत्रकांच्या घड्या घालत राहिले.

आत्याने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, “तू जो आवाज ऐकतेस तो मी ऐकलेला नाही. मी पाहिलाय. तिने ‘परवा’ म्हटलं की बाई तोंड वाकडं करते, पण कपाळ मोकळं होतं. कारण परवा साडी मिळणार हे तिला ठाऊक असतं. मला तो आवाज हवा. माझ्या ‘परवा’वर त्यांनी तसाच विश्वास ठेवायला हवा.”

“पण तो आपला नाही.”

तिने पप्पांच्या हातातलं पत्रक ओढून घेतलं. “हा कागद कोणाच्या गिरणीतला? विचारलंस कधी? वाचणारा काय छापलंय ते बघतो.”

पप्पा इतके मोठ्याने हसले की मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. “हरलीस गं,” ते म्हणाले. “कागद कोणाचा का असेना, मजकूर आपला.”

काकूंना हे सांगायचं काम अर्थात माझ्यावर आलं. आत्या खुणा करत होती आणि मी बोलत होते, चेहरा शक्य तितका सरळ ठेवून. काकूंनी सुई पिनकुशनला टोचून ठेवली.

“माझा आवाज? त्यात काय आहे? आमचे हे म्हणायचे, विळीवर करवंटी खवतेय असं वाटतं.” मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आणि तुला चालणार आहे का? तोंड बघून विचारते.”

“मला नाही चालत,” मी म्हणाले. “पण आवाज तिला हवाय.”

“हं. शहाण्यासारखं बोललीस. शिवाय थोडक्यात.”

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा अर्धं शटर ओढून मैत्रीण माइक लावायची आणि काकू वाचायच्या. म्हणजे वाचायच्या कमी, भांडायच्या जास्त.

“‘आपली साडी उद्या सायंकाळपर्यंत तयार होईल, कृपया पावती सोबत आणावी.’ कोण बोलतं असं? ‘उद्या. पावती आणा.’ संपलं.”

“काकू, पूर्ण वाक्यच लागतं हो. सगळे ध्वनी मिळायला हवेत.”

“मग ध्वनी घे. पण मी असं बोलते हे बाहेर कोणाला सांगू नकोस.”

दुकानाशी संबंध नसलेली वाक्यंही त्यात होती. ‘आज हवा छान आहे’ काकूंनी नाक मुरडून वाचलं. ‘माफ करा, चूक माझी होती’ या वाक्याला त्या अडखळल्या. पुन्हा वाचलं, पुन्हा अडखळल्या. मैत्रीण म्हणाली, पाणी घ्या. काकू म्हणाल्या, “घसा ठीक आहे. सवय नाही.” मग माइक चालूच असताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुझ्या पप्पांना आडनाव विचारलं होतं मी. तेही सवयीनेच. नको होतं विचारायला.” आणि लगेच मैत्रिणीला, “हं, घे आता.” त्या वेळी वाक्य न अडखळता आलं.

मी रात्री पप्पांना ते सांगितलं. त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाले, “मला वाटलं होतं फक्त तुझ्याच लक्षात आहे.”

संक्रांतीचा आठवडा म्हणजे त्या दुकानाची खरी कसोटी. सगळ्या पेठांना काळ्या साड्या नेसायच्या असतात आणि फॉल लावायची आठवण सगळ्यांना शेवटच्या क्षणी होते. संक्रांतीच्या दोन दिवस आधी आत्या एकटी पुढे बसली. मागच्या मशीनवर तिने तिच्या बहिऱ्या मैत्रिणीला आणून बसवलं होतं. काकूंनी बाहेर पायरीशी स्टूल टाकलं आणि दुकानाकडे पाठ करून बसल्या. मला म्हणाल्या, “तूही आत जायचं नाही.” मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

नेहमीची एक बाई आली. पिशवीत हात घालून साडी शोधता शोधताच म्हणाली, “काकू, उद्या द्या ना हो, परवा संक्रांत आहे.”

“परवा,” आतून काकूंचा आवाज आला.

“अहो, परवाच तर नेसायची आहे!”

“सकाळी या. नेसायच्या आधी मिळेल.”

बाईने मान वर केली. खुर्चीत आत्या. तिने टॅबकडे पाहिलं, आत्याच्या हातांकडे पाहिलं, पडद्यावरच्या बाहुलीकडे पाहिलं. “काकू कुठेत?” तिने चाचरत विचारलं. बाहुलीने हात हलवले, भुवया वर केल्या.

“बाहेर बसल्यात. गुडघे दुखतात. बोलायला जाऊ नका, चिडतील,” काकूंचा आवाज म्हणाला. “तुम्ही बसा. पाणी देऊ?”

बाई हसली. स्टूल ओढून बसली. आणि मी पाहिलं, तिचं कपाळ खरंच मोकळं झालं. आत्या इतकी वर्षं काय बघत होती ते मला त्या दिवशी दिसलं.

बाहेर काकू ताठ झाल्या होत्या. “मी जन्मात कोणाला पाणी विचारलं नाही.”

“ते आत्या विचारतेय,” मी म्हणाले. “आवाज तेवढा तुमचा.”

“कळतंय मला. बहिरी नाहीये मी,” काकू म्हणाल्या आणि लगेच ओठ मिटून घेतले. मला हसू आलं. एरवी याच वाक्यावर मी अर्धा तास बोलले असते.

दुपारपर्यंत गर्दी इतकी झाली की काउंटरवर साड्यांचा ढीग कॅमेऱ्याच्या आड आला आणि टॅब गप्प झाला. मी उठले. काकूंनी माझा दंड धरून खाली बसवलं. आत आत्याने दोन बोटं वर केली, मग साडी खांद्यावर टाकून सूर्य उगवल्यासारखा तळहात वर नेला. बायकांनी आपापसांत सांगितलं, “परवा सकाळी म्हणतायत.” कोणी परत गेलं नाही. मैत्रिणीला नंतर हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जरा पडला, मग ती म्हणाली, “बरंच आहे. टॅब बंद पडला तरी दुकान बंद पडायला नको.”

मला त्या यंत्राबद्दल आजही राग नाही, उलट मी त्याचे आभार मानते. माझ्यावाचून आत्या कशी बोलते हे त्याच्यामुळे मला पायरीवर बसून ऐकायला मिळालं. ती माझ्यापेक्षा कमी बोलते, जास्त विनोदी आहे आणि लोकांना पाणी विचारते. इतकी वर्षं तिच्या शेजारी उभी राहून बोलण्याच्या घाईत मला हे ऐकू आलं नव्हतं.

संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं. काकू गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि आत गेल्या. पदराच्या गाठीतून किल्ल्या काढल्या, पण लगेच दिल्या नाहीत. मला मागे सरकायची खूण केली आणि आत्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“सांभाळशील?”

बाहुलीने हात हलवले. आत्याने उत्तर दिलं आणि टॅबमधून तोच आवाज आला, तसाच करवंटी खवल्यासारखा, “सांभाळते. माठ कोण भरणार?”

काकूंनी स्वतःच्या आवाजातला तो प्रश्न ऐकला. किल्ल्या काउंटरवर ठेवल्या.

“जी आधी येईल ती,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आत्या चहा न घेताच घरातून निघाली.